घोडीवरचा फणस

खेडला स्टँडच्या मागे लाकूड चिरायची गिरणी आहे. नातवाला नव्या घराच्या चौकटी करून घ्यायच्या होत्या आणि मला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायचं होतं, तेव्हा एका खेपेत दोन्ही उरकू म्हणाला. मला दारातल्या बाकड्यावर बसवून तो आत गेला. मी पानाला चुना लावून, सुपारी कातरून, विडा तोंडात घालीपर्यंत आतल्या यंत्रानं एका ओंडक्याच्या चार फळ्या करून बाजूला टाकल्या होत्या. यंत्रापाशी माणूस एकच, आणि तोही विडी ओढत उभा.

मग वारा फिरला आणि भुशाचा वास आला. कच्च्या सागाचा वास थोडा ओल्या कातड्याचा, थोडा खवट तेलाचा असतो. ज्याच्या घरात तो कधी राहिला नाही त्याला आवडायचा नाही. मला रडूबिडू आलं नाही. त्या गोष्टीचं रडू केव्हाच संपलं. नुसता थकवा आला, की आता हे सगळं पुन्हा आठवणार आणि घरी पोचेपर्यंत पाठ सोडणार नाही.

माझं माहेर जगबुडी नदीच्या पलीकडचं. तिथे पुरुष नव्हतेच म्हटलं तरी चालेल. होते ते म्हातारे, नाहीतर शेंबडे. बाकीचे सगळे मुंबईत, कुणी गिरणीत, कुणी गोदीत. माझा बापूस शिमग्याला यायचा, जमलं तर गणपतीला. पहिले दोन दिवस मी त्याला लाजायची, तिसऱ्या दिवशी ओळख पटायची, आणि आठव्या दिवशी तो ट्रंक उचलून चालू लागायचा. आवशीनं, म्हणजे माझ्या आईनं, त्याला कधी दोष दिला नाही. पण माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा ती पदर सावरत ओटीवर आली आणि पुरुषांच्या बैठकीत उभ्या उभ्या म्हणाली, "दागिना नको, शेत नको. माज्या पोरीला दादला घरात ऱ्हानारा पायजे." बैठकीतले म्हातारे हसले. आवस हसली नाही.

असा दादला मिळायचं ठिकाण आमच्या भागात एकच होतं. त्याला सगळे बनाचं गाव म्हणत.

बन म्हणजे सागाचं. मालक चिपळुणात राहायचे. त्यांच्या आज्यानं टेकडीच्या दोन्ही अंगांना साग लावला होता. दर वर्षी एक पट्टा तुटायचा आणि दर वर्षी तेवढाच पट्टा नव्यानं लागायचा, म्हणून काम कधी संपत नसे. तोडणारे, चिरणारे, गाडीवाले, रोपं लावणाऱ्या बायका, कुऱ्हाडींना धार काढणारा लोहार, खाडीच्या धक्क्यावरचा चहावाला, भरतीबरोबर मचवे घेऊन येणारे खारवी, सगळ्यांची चूल त्या एका टेकडीवर पेटायची. लग्न होऊन आले त्या संध्याकाळी मला काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं आणि काय ते कळत नव्हतं. दिवेलागण झाली तेव्हा कळलं. वाडीतल्या प्रत्येक घरातून पुरुषाचं खोकणं ऐकू येत होतं. माहेरी तो आवाज मी फक्त शिमग्यात ऐकला होता.

त्या गावचं वर्ष सागाच्या अंगानं फिरायचं. माघात पानं गळायची, एकेक पान जेवायला बसण्याएवढं. त्यावरून गुरं चालली की कुणीतरी घरभर पापड मोडतंय असं वाटे. चैत्रात कोवळी पालवी यायची. माझ्या पहिल्या चैत्रात सासूबाईंनी एक पान हातात दिलं आणि चोळ म्हणाल्या. तळवा लालभडक झाला. "ही आमची मेंदी," त्या म्हणाल्या, "बाजारात जावा लागत नाय." पावसात आम्ही बायका इरली पांघरून रोपं लावायला जायचो. रुंद पानांवर पाऊस पडतो त्याचा आवाज इतका मोठा, की शेजारणीशी बोलायचं तर ओरडून बोलावं लागे, आणि ओरडून बोलायचं म्हणजे चहाडी करता येत नाही. तेवढीच त्या कामातली खोट. श्रावणात झाडांच्या शेंड्यांना पांढरा फुलोरा यायचा. दिवाळी सरली की तोड सुरू व्हायची, तीही अंधाऱ्या पंधरवड्यात, कारण चांदण्यात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागतो. नारळ फोडून तोडणारा बुंध्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, "ऊठ बाबा, आता चालायचं." मग पहिला घाव.

आमचे हे चिरणारे. मोठी करवत दोघांची असते. लाकूड तिरकं करून घोडीवर, म्हणजे उंच लाकडी तिवईवर, चढवतात, त्यावर काव लावलेल्या दोरीनं सुताची सरळ रेघ पाडतात, एक जण लाकडावर उभा राहतो आणि एक जण खाली. वरचा सूत सांभाळतो, खालचा डोळे. हे वर असायचे आणि खाली सोनूभावजी. दोघं नात्यानं कुणीच नव्हते. पण मिसरूड फुटल्यापासून एकाच करवतीला होते, आणि वरच्याचा हात खालच्याला बसला की तो पुन्हा दुसऱ्याला बसत नाही म्हणतात. दिवसभरात दोघं चार शब्द बोलत नसत. संध्याकाळी हे घरी आले की कानातून, भुवयांतून, धोतराच्या निऱ्यांतून भुसा गळायचा. पेजेत भुसा, अंथरुणात भुसा. मी कुरकुर करायची आणि मनात आवशीचे पाय धरायची.

चिरणाऱ्यांचा एक नियम होता. लाकडात करवत शिरली की ते लाकूड पुरं केल्याशिवाय गाव सोडायचं नाही. लग्न असो, मयत असो, आधी लाकूड. अर्धं टाकून गेलं तर घरातलं माणूसही अर्ध्यावर जातं, असं मानत. ह्यांच्यासारखा नियमाचा माणूस मी पाहिला नाही. एकदा अंगात ताप असताना लाकडावर चढले आणि उतरले ते दोन फळ्या वेगळ्या करूनच.

नातू चहा घेऊन आला. "आजी, आणखी घटकाभर लागेल," म्हणाला. मी म्हटलं, लागू दे. आत यंत्र किंचाळत होतं. आमची करवत कधी किंचाळली नाही. ती खाली येताना मोठा श्वास सोडायची आणि वर जाताना लहान. वाडीत त्या आवाजावर बायका दळत.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या वर्षी, शिमगा होऊन गेल्यावर, मालकांचे दिवाणजी आले. मांडवात बसले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की यंदापासून बन बंद. नवी लावण नाही, तोडही नाही. कुणी म्हणालं ब्रह्मदेशचा साग मुंबईत येऊन पडतोय, कुणी म्हणालं मालकांच्या भावाभावांत बिनसलंय. मला खरं कारण कधी कळलं नाही आणि कळून काही झालंही नसतं. बनाच्या वाटेवर काटेरी कुंपण पडलं. आम्ही बायकांनी त्या वेळी सागाचं बी रुजवायला घेतलं होतं. ते बी फार कठीण, आठवडेच्या आठवडे भिजवावं आणि सुकवावं लागतं. आम्हाला थांबा असं कुणी सांगितलंच नाही. आणखी पंधरा दिवस आम्ही ते रोज संध्याकाळी भिजवत आणि सकाळी उन्हात पसरत राहिलो.

मग गाव उसवत गेलं. आधी गाडीवाल्यांनी बैल विकले. लोहार ऐरण पाटीत घालून सासुरवाडीला गेला. मचवे दोन भरत्या आले, रिकामे परतले आणि येईनासे झाले. धक्क्यावरचा चहावाला रोज चूल पेटवायचा, आणि गिऱ्हाईक आलं नाही की आपला चहा आपणच प्यायचा. महिन्याभरानं तोही दिसला नाही. तरणे पुरुष दाभोळला जाऊन मुंबईची आगबोट धरू लागले. दिवेलागणीला मी दारात उभी राहायची आणि वाडीतला एकेक खोकला कमी झालेला मला कळायचा.

मी माहेरी चार यत्ता शिकले होते, म्हणून कागद लिहायचं काम माझ्याकडे आलं. बायका माझ्या ओटीवर बसून सांगायच्या, पावसाआधी ये. मी लिहायची, सवडीने यावे. तिकडे सुटी मिळत नाही हे मला माहेरून पाठ होतं, त्यांना नव्यानं शिकायचं होतं. हे लिहिता लिहिता मी घामाघूम व्हायची. आपल्या घरचा कागद कधी लिहावा लागेल, एवढाच विचार डोक्यात.

युक्ती काशीवयनीची. ती सोनूभावजींची बायको, बोलायला फटकळ, मनानं मऊ. नदीवर धुणं आपटता आपटता म्हणाली, "घोडीवर लाकूड हाय तवर त्येंचा पाय गावातनं निघंल कसा?" तिनं तिच्या परड्यातला रायवळ आंबा तोडायला दिला, कीड लागलीय म्हणून सांगितलं. तो चिरून होतोय तोवर मी शेताच्या बांधावरची ऐनाची दोन झाडं दाखवली, भातावर सावली पडते म्हणाले. एक लाकूड संपायच्या आत दुसरं घोडीपाशी आणून ठेवायचं, हे आम्ही दोघींनी नीट सांभाळलं. फळ्यांना गिऱ्हाईक नव्हतं. पडवीत फळ्या, गोठ्यात फळ्या. शेवटी सासूबाईंची चटईसुद्धा फळ्यांवर. लोक हसले. हसेनात का, करवतीचा श्वास चालू होता.

ऐन संपत आले तेव्हा मी परड्यातल्या फणसाकडे पाहिलं. कापा फणस, सासूबाईंनी स्वतः लावलेला. वैशाख होता, झाड फळांनी लगडलं होतं. मी सासूबाईंना विचारलं तेव्हा त्यांनी जाऊन बुंध्यावरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "आठळ्या राखंत घालून ठेव. झाड परत लागंल." ह्यांनी मात्र विचारलं, "कनाला?" मी म्हटलं, माळा करायचाय. माळ्यापुरत्या फळ्या चार घरांना पुरून उरतील एवढ्या पडवीत पडल्या होत्या. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कुऱ्हाड घेतली. अंधारा पंधरवडा यायची वाटसुद्धा आम्ही पाहिली नाही. आठ दिवस दोन्ही घरांत कच्च्या फणसाची भाजी होती.

फणसाचं लाकूड पिवळंधमक. बुंधा जाड, चिरायला वेळखाऊ. मला तेच हवं होतं. बुंध्याचं मधलं सूत निम्म्यावर आलं असताना काशीवयनीच्या भावाचा मुंबईहून कागद आला. वाचायला माझ्याकडेच आला. गिरणीत सोनूभावजींसाठी एक जागा झालीय, पावसाआधीच्या शेवटच्या बोटीनं निघ, नाहीतर दुसरा घेतील. मला खोटं वाचावंसं वाटलं. काशीवयनी माझ्या तोंडाकडे बघत होती म्हणून जसंच्या तसं वाचलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोनूभावजींनी खालची मूठ सोडली आणि बुंध्याखालून बाहेर आले. डोक्याचं फडकं झटकून म्हणाले, "दादा, मी निघतंय."

हे लाकडावरच उभे होते. "अर्ध्यावर?"

"माजी दोन पोरं अर्ध्यावर हायत, त्येंचं काय?"

काशीवयनी त्या दिवशी खूप रडली. नवरा चालला म्हणून नव्हे, लाकूड अर्धं टाकून चालला म्हणून.

तो पावसाळा मला विसरायचा आहे आणि जमत नाही. ह्यांनी बुंध्यावर पेंढ्याचं छप्पर घातलं. लावणी केली, बेणणी केली, सगळं केलं, पण उतरत्या मानेनं. काम नसलं की घोडीपाशी बसून करवतीचे दात कानशीनं घासायचे. धार होती तीच; घासून घासून दात लहान झाले. पुढे दुसऱ्याबरोबर पुरं करावं, तर वाडीत म्हातारे तेवढे उरलेले, आणि दुसऱ्याच्या अर्ध्या लाकडाला हात लावायला तेही तयार नाहीत. अर्ध्याचा दोष अंगावर येतो म्हणत. मुंबईस जावं, तर लाकूड अर्धं. माझ्याशी बोलणं तुटलं. भांडण नव्हतं, नुसतं बोलणं नव्हतं. जेवायला वाढलं की जेवायचे आणि ताटाकडे बघत राहायचे. आवशीनं माझ्यासाठी जे मागितलं होतं ते सगळं मला मिळालं होतं. दादला घरात होता. दिवसाचे बारा तास डोळ्यांसमोर होता, आणि माझ्याच युक्तीनं तो लाकडाला बांधला गेला होता. मला त्यांच्याकडे बघवेना.

नारळी पुनव झाली, बोटी सुरू झाल्या. गणपती गेले. ह्यांचे तीन सोबती मुंबईहून आले आणि परत गेले; सोनूभावजींना सुटी मिळाली नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी छप्परावरचा पेंढा काढला, पदर खोचला आणि म्हटलं, "खालची मूठ मी धरते."

"बाईमानसानं करवतीला हात लावायचा नाय."

"मग कुणी लावायचा? गावात कोन ऱ्हायलाय?"

त्यांनी धोतर वर खोचलं. मग वर चढले. मी बुंध्याखाली शिरले. मूठ सोनूभावजींच्या हातानं गुळगुळीत झालेली होती, माझ्या मुठीत मावत नव्हती. पहिले दोन हात करवत अडकली. वरून आवाज आला, "ढकलू नको. नुस्ती वढ आनि सोड. वर मी घेतंय." मी ओढली आणि सोडली. पुन्हा ओढली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला करवतीनं मोठा श्वास टाकला, आणि भुसा माझ्या तोंडावर पडला. "डोळे मीट," ते म्हणाले. "सूत मी बघतंय."

डोळे मिटून मी दिवसभर ओढत होते. मला त्यांचे पाय दिसत नव्हते, चेहरा दिसत नव्हता. फक्त करवतीतून त्यांचा हात कळत होता. कुठे ते जोर लावतात, कुठे थांबतात, कुठे दम घेतात, सगळं माझ्या तळव्यात येत होतं. इतक्या वर्षांच्या संसारात मला त्यांचं एवढं कधी कळलं नव्हतं. दुपारी वरून अचानक म्हणाले, "आंबा झाला, ऐन झाले, फनस झाला. फुडं काय, घराचे वासे काढून आनले असतेस?" म्हणजे त्यांना सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. ठाऊक असून ते चिरत राहिले होते. मी खाली हसले आणि तोंडात भुसा गेला.

काशीवयनी पाण्याची कळशी घेऊन आली ती तशीच उभी राहिली. माझे केस, कपाळ, गळा, हात, सगळं पिवळं. "अगो," ती म्हणाली, "हळद लागली तुला." आणि तिनं तोंड फिरवलं.

उन्हं कलली तेव्हा बुंधा दुभंगला. ते खाली उतरले, धोतराच्या सोग्यानं माझे डोळे पुसले. आमची पोरं समोर होती, सासूबाई समोर होत्या, तरी पुसले. मग म्हणाले, "बरा हात हाय तुजा." जरा थांबून म्हणाले, "उद्या निघतंय."

पुढे जन्मभर ते मुंबईतच राहिले, शिमग्याला आणि गणपतीला आले, आणि आठव्या दिवशी गेले. त्यांच्या शेवटच्या दुखण्याची तारसुद्धा उशिरा पोचली. पण ते सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी मी म्हटलं, "उद्या नको. सदरा पिवळा झालाय, धुऊन देते." फणसाचा पिवळा रंग धुण्यानं जात नाही, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. दुसऱ्या दिवशी मी तो नदीवर धुतला. त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतला. ते ओटीवर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी मी सदरा पुन्हा पाण्यात घातला, तेव्हा ते उठले, माझ्या हातातून घेऊन पिळला, आणि ओलाच अंगात घालून दाभोळच्या वाटेला लागले.